चाकाचा आऊट आणि तेरा आठवडे

नववीत असताना, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, सरांनी आम्हाला एकेक कागद दिला. त्यावर चारच प्रश्न होते. शरीरासाठी काय करणार, कोणतं कौशल्य शिकणार, लोकांसाठी काय करणार आणि प्रवासाला कुठं जाणार. बाकी कागद कोरा. वर्गात छत्तीस मुलं होती, पण दहा मिनिटं कुणाचं पेन हललं नाही. एकानं विचारलं, ‘सर, काय लिहायचंय ते फळ्यावर लिहून द्या ना.’ सर म्हणाले, ‘तेच तर मी लिहून देऊ शकत नाही.’

मी लातूरची. आमच्याकडं मूल आठवीत गेलं की पुढच्या चार वर्षांचा हिशोब घरात मांडून तयार असतो. कुठली बॅच, कुठली टेस्ट सिरीज, डॉक्टर की इंजिनिअर. ट्युशन एरियातून सायकलवर जाताना दोन्ही बाजूंनी फ्लेक्स दिसतात, आणि प्रत्येक फोटोखाली मार्क. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. या मेहनतीवर आमच्या भागातल्या कितीतरी घरांची परिस्थिती पालटली आहे, माझ्या मामाच्या घराचीसुद्धा. पण ‘तुला काय शिकायचंय’ असं मला त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी येऊन रात्री मी त्या कागदासमोर रडले.

हा कार्यक्रम म्हणजे ड्यूक ऑफ एडिनबरो पुरस्कार. भारतात बऱ्याच शाळांत तो ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावानं ओळखतात. ब्रिटनमध्ये १९५६ साली प्रिन्स फिलिप यांनी तो सुरू केला. त्यामागची कल्पना कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाची. जर्मनी सोडावं लागल्यावर हान यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली आणि फिलिप तिथलेच विद्यार्थी. पहिले संचालक जॉन हंट, म्हणजे १९५३ मध्ये एव्हरेस्ट पहिल्यांदा सर करणाऱ्या मोहिमेचे नेते. भारतात हा पुरस्कार १९६२ मध्ये आला. ब्रिटनमध्ये सुरुवातीला तो फक्त मुलग्यांसाठी होता, मुलींना १९५८ मध्ये घेतलं. सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, ‘म्हणजे तिथंबी दोन वर्षं थांबावंच लागलं.’

वय १४ ते २४. तीन पायऱ्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. आमचं वय ब्राँझचं. शारीरिक, कौशल्य आणि सेवा या तीन विभागांत प्रत्येकी किमान तेरा आठवडे, आठवड्याला साधारण एक तास. त्यातला कोणताही एक विभाग आणखी तेरा आठवडे. म्हणजे कसंही केलं तरी सहा महिने. शिवाय दोन दिवस आणि एक रात्र स्वतःच्या पायांवर प्रवास, आणि त्याआधी त्याची तालीम. कुणाशी स्पर्धा नाही. पहिला नाही, दुसरा नाही. आपण ठरवलेलं आपण केलं की मिळतं.

पालक सभेत एका पालकांनी विचारलं, ‘याचे दहावीला मार्क किती धरतात?’ सर म्हणाले, ‘एकही नाही.’ पुढच्या आठवड्यात छत्तीसातले अकरा उरले.

कौशल्याच्या रकान्यात मी आधी ‘गिटार’ लिहिलं होतं, कारण बाकीच्यांनी लिहिलं होतं. घरात गिटार नव्हती आणि मला गाण्याचं अंगही नव्हतं. सरांनी विचारलं, ‘घरातून शाळेत येईपर्यंत तू कुठं थांबून बघतेस?’ मी खरं ते सांगितलं: सायकलच्या दुकानापाशी. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चाचांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढं पाण्याचं घमेलं, वर टांगलेले टायर. लहानपणापासून चेन पडली की मी तिथं जायचे. चाचा उलट्या सायकलचं चाक फिरवून त्याच्याकडं एक डोळा मिटून बघायचे. ते काय बघतात हे मला कधी कळलं नव्हतं. सर म्हणाले, ‘मग तेच शीक.’ ‘सायकल दुरुस्ती शिकणे’ असं मी लिहून दिलं, ते त्यांनी परत केलं. ‘सहा महिन्यांनी तुला काय येत असेल ते लिही, म्हणजे आलं की नाही ते तुलाच कळेल.’ तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा जमलं: मागचं चाक पूर्ण उघडून, छर्रे धुऊन, ग्रीस भरून, परत बसवून, आऊट काढून देणे, म्हणजे रिमचा वाक काढून चाक सरळ फिरतं करणे, कुणाच्या मदतीशिवाय.

घरी पप्पा गप्प राहिले. आई म्हणाली, ‘मुलीनं पंक्चरच्या दुकानात बसायचं? लोक काय म्हणतील?’ चाचांनाही ते पटत नव्हतं. ‘बेटा, ये काम हात काले करने का है. तू डॉक्टर व्हायची पोरगी.’ मग पप्पाच माझ्याबरोबर आले आणि म्हणाले, ‘रविवारी सकाळी एक तास. मी समोर चहाच्या हॉटेलात बसतो.’ पहिले पाच रविवार पप्पा खरंच तिथं बसले. सहाव्या रविवारी त्यांना यायची गरज वाटली नाही.

पहिला महिना फक्त पंक्चर. ट्यूब पाण्यात बुडवून फिरवायची, बुडबुडा आला की तिथं बोट ठेवायचं, पुसून खूण करायची. मग कानशीनं घासायचं, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं मला जमायचं नाही. सोल्युशन ओलं असतानाच मी ठिगळ दाबायचे, वरून हातोडी मारायचे, आणि हवा भरली की ते कडेनं सुटायचं. चाचा काही बोलायचे नाहीत. ती ट्यूब तशीच परत माझ्यापुढं ठेवायचे. एका रविवारी तासभरात एकच ट्यूब मी चार वेळा केली. शेवटी त्यांनी माझं बोट धरलं आणि पेराची मागची बाजू सोल्युशनला लावली. ‘चिकटतंय?’ ‘हो.’ ‘मग अजून कच्चं.’ थोड्या वेळानं परत लावलं. बोटाला काही लागलं नाही, पण कातडी किंचित ओढल्यासारखी वाटली. ‘अब रख.’ ते ठिगळ निघालं नाही. बोटाला ती ओढ कळायला मला चार रविवार लागले.

चाकाचा आऊट काढणं त्याहून अवघड. चाचांची स्वतःची काळी जुनी सायकल होती, पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. रिम फिरवायची आणि खडू तिच्या अगदी जवळ धरायचा. जिथं रिम वाकडी असेल तिथं खडूची रेघ उमटते. रिम डावीकडं गेली असेल तर तिथला उजवीकडून आलेला आरा आवळायचा आणि डावीकडचा तेवढाच सैल करायचा. पाव फेरा, जास्त नाही. मी अर्धा फेरा द्यायचे, मग तो वाक दुसरीकडं सरकायचा, तिथला काढायला गेलं की तिसरीकडं. एकदा मी इतकं बिघडवून ठेवलं की चाक ब्रेकच्या रबरातून फिरेना. चाचांनी सगळे आरे सैल केले आणि म्हणाले, ‘पहिल्यापासून.’ गिऱ्हाईक उभं होतं, तरी त्यांनी चाक माझ्या हातातून घेतलं नाही. हे मी कधी विसरणार नाही.

शारीरिक विभागात मी पळणं घेतलं होतं. ध्येय होतं न थांबता ३ किलोमीटर, आणि सुरुवातीला मला मैदानाची दीड फेरीसुद्धा होत नव्हती. नोव्हेंबर बरा गेला. डिसेंबरात घटक चाचणी आली, मग ताप, मग एका लग्नाला परभणीला जावं लागलं. ऑनलाइन नोंदवहीत तीन आठवडे रिकामे दिसायला लागले. मला वाटलं, संपलं, आपण नापास. आणि त्याच दिवसांत शाळेतल्या एका जबाबदार व्यक्तीनं आम्हाला सांगितलं, ‘रकाने रिकामे ठेवू नका, यादी पाठवायची आहे, भरून टाका.’ मी भरले. तिन्ही आठवडे, तारखा टाकून, ‘आज १.८ किमी, दम कमी लागला’ असंसुद्धा लिहिलं.

नोंदी मंजूर करणारे आमचे पीटीचे सर. त्यांनी मला मैदानावर बाजूला बोलावलं आणि मोबाईल दाखवला. ‘या रविवारी ग्राउंडवर मंडप होता, आत कुणालाच सोडलं नव्हतं. तू कुठं पळलीस?’ मी खाली बघत राहिले. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, ‘उडव. आणि तीन आठवडे पुढं पळ. यात नापास नसतं. तेरा भरेपर्यंत चालतं, एवढंच.’ मी त्यांना विचारलं, ‘मग मधे खाडा पडला तर?’ ‘खाडा पडला असं लिही.’

हे वाक्य माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला. चाचणीत ज्या दिवशी आपण गैरहजर त्या दिवशी शून्य, आणि ते शून्य सरासरीत कायम राहतं. इथं कुणी माझे आठवडे काढून घेत नव्हतं. मी त्या तीन नोंदी उडवल्या आणि ‘ताप, चाचणी, लग्न’ असं लिहिलं. माझ्या दोन मैत्रिणींनी खोटे रकाने तसेच ठेवले, त्यांचे मंजूरही झाले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मुली खोटारड्या नव्हत्या. यादी वेळेत जावी म्हणून मोठ्या माणसांनीच त्यांना ते करायला सांगितलं होतं. जिथं शाळा या पुरस्काराकडं माहितीपत्रकात छापायची ओळ म्हणून बघते, तिथं हे होतंच, आणि ज्या एका गोष्टीसाठी हा कार्यक्रम आहे तीच मुलांच्या हातून काढून घेतली जाते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी ३ किलोमीटर पळाले. शेवटच्या फेरीला पीटी सर बाजूनं चालत होते, घड्याळ न बघता.

आता प्रवासाचं सांगते.

नियम असा: चार ते सात जणांचा गट, वाट स्वतः ठरवायची, सामान स्वतः वाहायचं, जेवण स्वतः करायचं, वाहन नाही. रोज किमान सहा तास ठरवलेल्या कामात जायला हवेत आणि प्रवासाला काहीतरी उद्देश हवा. मोठी माणसं लांबून लक्ष ठेवतात, बरोबर चालत नाहीत. आम्ही पाच मुली. या ‘पाच मुली’वरच सगळ्या घरी अडलं. तंबूत रात्र, तीही परक्या गावात. माझ्या घरी निर्णय आजीनं केला. आजी तीन वेळा कोजागरीला तुळजापूरला पायी गेलेली. ती पप्पांना म्हणाली, ‘आमी बाया रात्री रात्री चालत गेलाव, तवा कुणाला इचारलं न्हाई. आणि हिच्या मागं तर मास्तर हाय, मॅडम हाय. जाऊ द्या की.’ मॅडम शेजारच्याच खोलीत मुक्कामाला राहतील असं ठरलं तेव्हा बाकीच्या घरांनीही होकार दिला.

वाट आम्ही ठरवली ती औशाच्या भुईकोट किल्ल्यापासून खरोशाच्या लेण्यांपर्यंत, डांबरी सोडून शेतातल्या वाटांनी. उद्देश ठरवायला आठवडा गेला. किल्ला बघणं, लेणी बघणं हे सगळ्यांना सुचतं. मग एकीनं २०१६ ची आठवण काढली. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. आम्ही तेव्हा सात-आठ वर्षांच्या होतो. मला गाडी आठवत नाही. मला आठवतात ते आमच्या जिन्याखाली कुलूप लावून ठेवलेले ड्रम. त्यावरून ठरलं: वाटेत लागेल त्या प्रत्येक विहिरीचं पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि मालकाला विचारून लिहून घ्यायचं. दर मीटरला गाठ मारलेली सुती दोरी आणि टोकाला दगड, एवढंच आमचं यंत्र.

डिसेंबरातल्या तालमीत आमचं सगळं चुकलं होतं. प्रत्येकीनं दुसरी आणेल म्हणून काडेपेटी आणली नव्हती, आणि एकीनं अभ्यासाची तीन पुस्तकं पाठीवर वाहिली होती. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी औशातून निघालो तेव्हा पाठी हलक्या होत्या आणि काडेपेट्या पाच.

ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. बांधावरून एकामागं एक चालायचं, होकायंत्र आणि छापून घेतलेला नकाशा पुढचीच्या हातात. रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुणाची दिंडी?’ दुसरा: ‘तुळजापूरला निघालाव का? ही वाट तिकडची न्हाई बायांनो.’ पायी चालण्याचं दुसरं कारण लोकांना माहीत नव्हतं, आणि पुरस्कारासाठी असं सांगितलं तर कुणाला समजेना. शेवटी आम्ही ‘विहिरी मोजायलाव’ असं सांगायला लागलो. ते लगेच समजायचं. लोक कामं सोडून विहिरीपर्यंत यायचे, कुठल्या साली तळ दिसला होता ते सांगायचे, दोरी धरायचे.

एका शेतकरीकाकांनी ट्रॅक्टर थांबवला. पाठीवर ओझं, ऊन चढलेलं, एकीची टाच फोडानं सोललेली. ‘बसा, पुढच्या गावापर्यंत सोडतो.’ आम्ही नको म्हटलं. त्यांना वाटलं आम्ही संकोच करतोय. परत म्हणाले. परत नको. मग त्यांचा चेहरा उतरला. ‘आमच्या ट्रॅक्टरात बसाया काय झालं?’ आमच्या भागात दिलेलं नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं. मला तिथं नियमाचा फार राग आला. मी त्यांना म्हटलं, ‘काका, आमचा नवस आहे पायी जायचा.’ ते लगेच उतरले, हात जोडले, आणि शेतात जाऊन हरभऱ्याचे ढाळे उपटून आमच्या हातात दिले. नवस हा शब्द मी वेळ मारून नेण्यासाठी वापरला असं तेव्हा वाटलं. नंतर विचार केला तेव्हा तो मला फारसा खोटा वाटला नाही. ठरवलं आहे आणि पुरं करायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ ते काका आणि आम्ही दोघांनी घेतला.

दुपारी आम्ही वाट चुकलो. नकाशात ओढा एक, जमिनीवर दोन. नकाशावाली म्हणत होती पहिला, मी म्हणत होते दुसरा. माझा आवाज मोठा म्हणून माझं ऐकलं गेलं आणि तासभर चुकीच्या काठानं चाललो. परत फिरताना कुणी मला बोललं नाही. टाच सोललेली मैत्रीण शेवटी चालत होती आणि तिचा तो तास माझ्यामुळं वाढला होता. पुढचा सगळा प्रवास मी नकाशाला हात लावला नाही, तिची पिशवी तेवढी माझ्या पाठीवर घेतली.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात. तीन दगडांची चूल, पिठलं, आणि घरून आणलेल्या भाकरी असं ठरलं होतं. गावातल्या बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, शिळ्या कशाला खाता, पीठ देतो, थापा. भाकरी आमच्यातल्या दोघींनाच येत होती. माझी पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. एका आजीनं मागून हात धरला, पिठाला गरम पाणी कमी पडलंय म्हणाली. रात्री थंडी पडली. तंबूत पाचही जणी जाग्या होतो, पण कुणी मोबाईल काढला नाही, कारण ते मॅडमकडं जमा होते. दहावीनंतर कोण कुठं जाणार हे बोलत होतो. डॉक्टरांची मुलगी म्हणाली, ‘मला डॉक्टर व्हायचं नाही हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.’ पुढं ती काय झाली ते तिचं तिनं सांगावं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खरोसा. जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली लेणी. दगड इतका खरबरीत की मूर्तींचे चेहरे वाऱ्यापावसानं पुसट झालेले. आत गार होतं. आम्ही ओळीनं बसलो आणि वही काढली. चौदा विहिरी, त्यातल्या तीन कोरड्या, सगळ्यांत वर पाणी होतं ते ४ मीटरवर. एका मालकानं विहिरीशेजारीच बोअर मारला होता, सातशे फूट, आणि त्यालाही थेंब नव्हता. जानेवारीत ही गत. त्या वहीची एक प्रत आम्ही मुक्कामाच्या गावच्या ग्रामपंचायतीला दिली.

सेवेच्या विभागात फेब्रुवारी ते मे कॉलनीच्या रस्त्यावरच्या बावीस रोपांना पाणी घातलं. घरोघरी जाऊन भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी मागायचं आणि कॅननं वाहून न्यायचं. आठवड्याला एक तास पुरत नव्हता, मेमध्ये रोज जावं लागलं. सतरा जगली. कॉलनीतल्या निवृत्त काकांनी नोंदींवर सही करण्याआधी प्रत्येक वेळी स्वतः रोपं मोजली.

कौशल्याच्या मूल्यमापनाला वेगळीच अडचण आली. नियमाप्रमाणे त्या विषयाची जाण असलेली मोठी व्यक्ती, घरातली नसलेली, अहवाल देते. शाळेच्या कार्यालयातून सांगितलं गेलं की शिक्षित व्यक्तीची सही घ्या, कार्यानुभवाच्या शिक्षकांची चालेल. चाचा पाचवी शिकलेले. आमचे सर म्हणाले, ‘नियमात जाण म्हटलंय, पदवी म्हटलेलं नाही. चाकाची जाण त्यांच्याइतकी या इमारतीत कुणाला असेल तर त्याचं नाव सांगा.’ एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सर स्वतः टपरीवर आले. मी चाक उघडलं, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरलं, आसावरचा कोन (छर्रे दाबून धरणारा नट) आवळला, खडू धरून आऊट काढला. पाऊण तास लागला. चाचा चहा पीत दुसरीकडं बघत होते. शेवटी त्यांनी चाक फिरवलं, एक डोळा मिटला आणि मान हलवली. मग सरांनी मला लांब पाठवलं आणि चाचा जे बोलले ते शब्दाला शब्द मोबाईलवर उतरवून घेतलं.

तो अहवाल असा आहे: ‘पहिल्या महिन्यात सोल्युशन ओलं ठेवायची. आता वाळू देते. छर्रे मोजून घेते, मोजून भरते, एक पण हरवला नाही. गिऱ्हाईकाला खोटं सांगत नाही. आऊट काढताना घाई करते.’

माझ्या मामेभावाला मी हे सगळं गावी जाऊन सांगितलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. म्हणाला, ‘आमी रोज चार किलोमीटर चालत शाळंत जाताव. संध्याकाळी बैलांना पाणी, घरी भाकरी. आमाला कोण देतंय?’ मला उत्तर देता आलं नाही. नोंदणीला फी लागते, इंग्रजी शाळांतच हे जास्त चालतं, ही खरी गोष्ट आहे. त्याच्या शाळेत स्काऊट होतं. तिथं प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान करत राज्य पुरस्कारापर्यंत जाता येतं, आणि गाठी, तंबू, प्रथमोपचार यात तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढं होता. माझ्या दोरीच्या गाठी बघून त्यानं त्या सोडल्या आणि न सरकणाऱ्या मारून दिल्या. मला मनापासून वाटतं की मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत यातलं काहीतरी असावं, नाव कुठलंही असो. आणि जी मुलं आधीच चालतात, पाणी वाहतात, त्यांचं ते काम नोंदवहीत धरलं जावं. ‘तू काय करतोस’ हे त्यांना कुणी विचारावं आणि ऐकून लिहून घ्यावं. आमच्या अकरा जणांना तेवढं मिळालं, आणि ते फी भरता आली म्हणून मिळालं.

प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये आलं, दहावीच्या धामधुमीत. शाळेतून सरळ टपरीवर गेले. चाचांनी हात पुसले, कागद कडेला धरून माझं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग विचारलं, ‘माझं नाव कुठाय?’ प्रमाणपत्रावर मूल्यमापकाचं नाव नसतं. मी मोबाईलवर नोंदवही उघडली आणि त्यांचा अहवाल दाखवला, खाली त्यांचं नाव. चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला लावलं. एकदा वाचलं. म्हणाले, फिरसे. दुसऱ्यांदा शेवटच्या वाक्याला पोचले तेव्हा त्यांनी मान डोलावली.

‘ये आज भी सच है बेटा,’ ते म्हणाले, आणि खडू माझ्या हातात देऊन एक चाक पुढं सरकवलं.